अंतराळातली शेजपाळी

नवी हळद घरात आली की मी दोन दिवस धड बसत नाही. डबा भरायला घेते, अर्धा भरते आणि मध्येच उठून गॅलरीत जाते. घरचे म्हणतात, "हिला हळद चढली." चढू दे. साताऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाला एक गिरणी आहे. चैत्र सरत आला की तिथं हळकुंडं दळायला येतात आणि तो उग्र, मातकट वास जिना चढून थेट आमच्या बैठकीत येतो. बाकीच्यांना त्या वासानं लग्नं आठवतात, लोणची आठवतात. मला एक अंतराळस्थानक आठवतं. हसू नका. पृथ्वीपासून लांब, काळ्याकुट्ट पोकळीत फिरणारं, आणि त्यात एका खिडकीमागं बसलेली मी, फलटणची, दोन वेण्यांची, सगळ्यांना कामं वाटणारी मॅनेजर.

नव्वदचं दशक उतरणीला लागलं होतं तेव्हा. सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेजात गार हवा फक्त दोनच ठिकाणी मिळायची, प्रिन्सिपॉलांच्या खोलीत आणि कॉम्प्युटर लॅबमध्ये. लॅबमध्ये चपला बाहेर काढून जायचं, देवळात जातात तसं. आत काचेच्या खोलीत एक मोठं यंत्र आणि त्याला वायरींनी बांधलेले टर्मिनल. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, बस. चित्र नाही, रंग नाही, आवाज नाही. पहिल्या रांगेत मुली, शेवटच्या रांगेत मुलं, आणि मधली एक रांग शिस्तीसाठी रिकामी. तिथं बसायला कुणी मनाई केली नव्हती, पण चार वर्षांत तिथं कुणी बसलंही नाही.

त्या अंतराळस्थानकाचा खेळ आमच्या एका सीनियरनं कुठून कुठून तुकडे आणून शिवला होता. टर्मिनलवर आपलं नाव टाकायचं की पडद्यावर अक्षरं उमटायची : तुम्ही स्थानकात आला आहात, समोर खिडकी आहे, खिडकीत मॅनेजर आहे. ती मॅनेजर म्हणजे मी. येणाऱ्या प्रत्येकाला मी काम द्यायचं आणि त्या कामाचं कार्ड द्यायचं. कार्ड नसेल तर स्थानकातलं एकही दार उघडायचं नाही. इंजिनावर कुणी नसेल तर स्थानक गारठायचं, भाज्यांच्या खोलीत कुणी पाणी घातलं नाही तर हवा कमी पडायची, स्वयंपाकघर रिकामं राहिलं तर सगळे चक्कर येऊन पडायचे. आणि आमच्या पोरांना तर काय, सगळ्यांनाच कॅप्टन व्हायचं!

मॅनेजरकी माझ्या गळ्यात पडली ती कुणालाच नको होती म्हणून. सीनियर म्हणाला, "ही कारकुनी तू घे, मुलींना बरं जमतं." डोंबल जमतं! मला असा राग आला की खुर्ची लाथाडून उठणार होते. मग विचार केला, वेडे, कॅप्टनलासुद्धा कार्ड तुझ्याच हातून घ्यावं लागणार आहे. बसले.

माझे बापू फलटणला कालव्यावर पाटकरी होते. पाटकरी म्हणजे कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते बघणारा, साऱ्या गावाच्या शिव्या खाणारा माणूस. पाणी शेजपाळीनं, म्हणजे ठरल्या पाळीनं एकेका शेताला द्यायचं, आणि सुरुवात कालव्याच्या शेपटाकडून. कालव्याच्या तोंडाशी ज्याचं शेत, त्याच्या दारात पाणी आयतंच असतं. टोकाला ज्याचं शेत, त्याच्यापर्यंत ते कधी पोचतच नाही. म्हणून आधी टोकाचा, मग मधला, मग तोंडाचा. मी लहानपणापासून हेच बघत आलेले. दुसरं काही मला येतच नव्हतं, तर मी अंतराळातही शेजपाळी लावली. जो शेवटी आला त्यानं आधी निवडायचं. जो पहिला आला त्याला उरलेलं.

विश्रामबागेतला पराग धापा टाकत सगळ्यांच्या आधी यायचा. त्याच्या वाट्याला रोज सफाई.

"अगं ए, मी पहिला आलोय!"

"म्हणूनच," मी टाइप करायची.

आमच्याकडं सगळ्यांचं बोलणं इंग्रजी अक्षरांत मराठी. रागसुद्धा इंग्रजी अक्षरांत.

आठवड्याभरात पोरांना मेख कळली आणि भलतंच झालं. शेवटी यायचं म्हणून कुणी आतच येईना! लॅबच्या बाहेर चपलांच्या ढिगाशी सगळे उभे. एक जण बुटाची नाडी सोडतोय, बांधतोय, परत सोडतोय. "तू हो की पुढं." "छे छे, तुम्ही आधी." लखनौच्या नबाबांनी यांच्याकडे शिकायला यावं. आणि आत माझं स्थानक ओस, इंजिन थंड, भाज्या वाळलेल्या. मी खिडकीत बसून चरफडत होते.

त्या वेळी एकच जण सरळ आत यायचा, मिलिंद. मागच्या रांगेतला अगदी कोपऱ्यातला टर्मिनल त्याचा.

"काही काम आहे का?"

"सफाई आहे. रेडिओ आहे. बोल."

"काहीही चालेल."

रोज हेच. त्याला पाळीचं देणंघेणं नव्हतं. दिलेलं काम मात्र मन लावून करायचा. दोघंच असलो की स्थानक त्याच्या जिवावर चालायचं. इंजिनाला बघून यायचा, भाज्यांना पाणी घालून यायचा, मग खिडकीशी येऊन थांबायचा. चार वर्षं आम्ही एका वर्गात होतो आणि एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. तेव्हा सांगलीत मुलगा-मुलगी कँटीनशी बोलताना दिसले की संध्याकाळपर्यंत त्यांचं लग्न ठरलेलं असायचं. इथं मात्र तो माझ्या पाठीमागं दहा पावलांवर बसायचा, मी त्याच्याकडे पाठ करून बसायची, आणि आमचं बोलणं पृथ्वीला वळसा घालून यायचं.

मिलिंदचे वडील मार्केट यार्डात हमाल. त्यांच्या वस्तीतला इंजिनिअर होणारा तो पहिलाच. निकाल लागला की विहारात सगळ्या वस्तीला पेढे वाटायचे, हे म्हणे तो पहिल्या वर्षाला असतानाच ठरलेलं. हे त्यानंच एकदा खिडकीशी सांगितलं होतं. मला वाटलं, खुशीत सांगतोय.

मग परीक्षा सुरू झाली. पहिला पेपर देऊन, डोकं भणाणलेलं, दुपारी मी लॅबमध्ये आले. बघते तर हा आधीच खिडकीशी हजर.

"लवकर सुटलास? कसा गेला?"

पडद्यावर एकेक ओळ आली.

"मी बसलो नाही."

"डिटेन झालोय. हजेरी नाही भरली."

"घरी माहीत नाही."

डिसेंबरात त्याला कावीळ झाली होती, तेवढं मला ठाऊक होतं. बाकीचं त्यानं तुटक तुटक टाइप केलं. डॉक्टरांचं सर्टिफिकेट वेळेत ऑफिसात द्यायचं होतं. दोनदा तो ऑफिसच्या खिडकीपर्यंत गेला. दोन्ही वेळा गर्दी होती, आणि हा मागं उभा राहून, बघून, परत आला. तारीख उलटून गेल्यावर तर विचारायची सोयच राहिली नाही. आता रोज सकाळी आई डबा बांधून द्यायची, डोक्यावरून हात फिरवून पाठवायची, आणि हा लॅब उघडेपर्यंत कृष्णेच्या पुलावर उभा राहायचा.

मला का सांगितलंस, असं मी विचारलं.

"तू कुणाला सांगणार नाहीस. तू माझ्याशी बोलतच नाहीस ना."

बाई गं! त्या वाक्यावर हसावं की रडावं कळेना. पण त्याहून आधीचं एक वाक्य माझ्या मनातून हलत नव्हतं. पुलावर उभा राहतो म्हणजे काय? का उभा राहतो? उन्हाळ्यात नदी खाली गेलेली असली तरी पुलाखाली डोह होताच. मला भीती वाटली, की हा पोरगा एक दिवस लॅबला येणार नाही आणि का आला नाही ते आम्हाला पेपरात वाचायला मिळेल.

तेव्हापासून मी एक सुरू केलं. त्याला उद्याचं काम आजच द्यायचं. "उद्या तू इंजिनावर. तुझ्याशिवाय कुणाला कार्ड देत नाही, म्हणजे उद्या तू आला नाहीस तर सगळे गारठून मरतील, सांगून ठेवते." खेळातले मरणार, खरं कुणी नाही. पण तो यायचा. दुसऱ्या दिवशी लॅबच्या दारात त्याच्या निळ्या पट्ट्याच्या स्लिपर दिसल्या की मला श्वास यायचा. मग संध्याकाळ झाली की पुन्हा जिवाची घालमेल. हॉस्टेलवर मी पुस्तक उघडायची, मिटायची, उठून पाणी प्यायची. माझी रूममेट म्हणायची, "एवढं कशाचं टेन्शन गं? तुझा अभ्यास तर झालाय." काय सांगू तिला? माझा पेपर वेगळाच होता.

त्यातच फलटणहून निरोप आला. ताईचं लग्न जवळ आलं होतं, आणि आईला हळद सांगलीचीच हवी होती. पेपरांच्या मधल्या सुट्टीत मी सिटी बस पकडून मार्केट यार्डात गेले. हळदीच्या हंगामातलं यार्ड ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. हवाच पिवळी. पोत्यांच्या थप्प्या, सौद्याचा कालवा, माणसांच्या भुवया पिवळ्या, चहाच्या कपाचे कान पिवळे. शिंकत शिंकत मी एका आडतीपाशी पोचले आणि समोर मिलिंद. हातात वडिलांचा रिकामा डबा. शेजारी डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, कोपरापर्यंत पिवळा झालेला एक उंच माणूस.

चार वर्षांत पहिल्यांदा आम्ही समोरासमोर होतो. तो पांढरा पडला.

"आबा, ही... ही आमच्या वर्गातली."

"आवं ताई, उन्हात का हुबा? या की सावलीला." आबांनी पोतं झटकून मला बसायला टाकलं. काय हवंय ते विचारलं. मी नुसतीच वरून हळद चाचपत होते. ते हसले, एक हळकुंड उचललं, कटकन मोडून माझ्या हातावर ठेवलं. आतून केशरी, ओलसर चमक. "वरनं बगून काय कळतंय व्हय? ही घ्या. लग्नाची हाय म्हंता, मग हीच घ्या."

मग टॉवेलनं तोंड पुसत म्हणाले, "ताई, पेपर कसा गेला वो तुमचा?"

मी मिलिंदकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळं तिथंच फुटलं असतं.

"अवघड होता. सगळ्यांनाच अवघड गेला."

आबांनी डोळे मोठे केले. "आसं व्हय? आन ह्यो तर म्हंतोय बरा गेला!" त्यांनी पोराच्या पाठीवर अशी थाप मारली की शर्टावर पिवळा पंजा उठला. "सगळ्यास्नी अवघड आन आमच्या मुक्याला बरा! लय झालं की मग!"

परतीच्या बसमध्ये मला बसायला जागा होती, तरी मी उभीच राहिले. हातातलं मोडलेलं हळकुंड इतकं घट्ट धरलं होतं की तळहात रंगला. कुणावर चिडावं कळत नव्हतं. आबांवर? त्यांचं काय चुकलं? पोरावर? तो तर स्वतःच बुडत होता. मग हळूहळू ध्यानात आलं की माझ्या खिडकीमुळं त्याला एक बरी सोय झाली होती. सकाळी डबा घ्यायचा, दुपारी माझ्याकडून काम घ्यायचं, संध्याकाळी घरी जाऊन सांगायचं, बरा गेला. मी त्याला रोज उद्यापर्यंत पोचवत होते, आणि प्रत्येक उद्या त्याला घरापासून आणखी लांब नेत होता. परीक्षा संपल्यावर मी फलटणला जाणार. लॅबला कुलूप लागणार. मग कोण कार्ड देणार त्याला?

दुसऱ्या दिवशी तो खिडकीशी आला तेव्हा माझी बोटं अजून पिवळी होती.

"काही काम आहे का?"

आमच्या स्थानकात एक रेडिओची खोली होती. रेडिओवाल्यानं पृथ्वीला खुशाली कळवायची. सीनियरनं पलीकडची बाजू कधी लिहिलीच नव्हती, त्यामुळं काहीही कळवा, उत्तर एकच यायचं : संदेश मिळाला. हे काम कुणी घेत नसे. मिलिंदनं अनेकदा घेतलं होतं, आणि दर वेळी तो कळवायचा, सर्व ठीक.

मी टाइप केलं, "उद्या तुला रेडिओ. पण इथला नाही. तुझी पृथ्वी यार्डात आहे. तिथं जाऊन कळव. कळवल्याशिवाय माझ्याकडून दुसरं कार्ड मिळणार नाही."

पडद्यावर उमटलं, "हे खेळात बसत नाही."

"मॅनेजर मी आहे."

"मला नाही जमणार."

"ऑफिसच्या खिडकीवर नाही जमलं तुला. माझ्या खिडकीवर रोज जमतं. तसंच विचारायचं. काही काम आहे का, म्हणायचं, आणि मग सांगायचं."

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पडद्यावरून त्याचं नाव गेलं. मी वळून पाहिलं नाही. वळायची पद्धतच नव्हती.

आणि दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी पेपर होता. मी काय लिहिलं देव जाणे. लॅबमध्ये गेले तर दारात निळ्या पट्ट्याच्या स्लिपर नाहीत. खिडकीशी पराग येऊन नेहमीची कटकट करू लागला आणि मी न बघताच त्याला कॅप्टनचं कार्ड देऊन टाकलं. बिचारा घाबरलाच. "बरी आहेस ना तू?" त्यानं टाइप केलं. मी उठले, गणपतीच्या दर्शनाला जाते म्हणून रूममेटला सांगितलं आणि पुलावर गेले. कठड्यापाशी उभी राहून खाली बघितलं. म्हशी डुंबत होत्या. एक बाई धुणं आपटत होती. सगळं नेहमीचं होतं आणि त्या नेहमीच्याचीच मला दहशत वाटली. यार्डात जाऊन विचारावं, तर काय विचारू? "तुमचा मुलगा आहे ना?" असं कुणी बापाला विचारतं का? देवळात न जाताच मी परत फिरले. माझंच चुकलं असेल तर, हा एकच घोर.

आता मी साताऱ्याच्या एका कारखान्यात खरोखरच माणसं नेमायचं काम करते. समोर पोरं येतात, कागद पुढं करतात. जी तोंडभर बोलतात त्यांची मला काळजी नसते. एखादा खाली मान घालून म्हणतो, "मॅडम, काहीही चालेल," तेव्हा माझ्या हातातलं पेन थांबतं. मी त्याला चहा मागवते. घरी कोण असतं, त्यांना माहीत आहे का इथं आलायस ते, असलं विचारत बसते. माझ्या हाताखालचे चुळबुळ करतात. बाहेर रांग असते. असू दे. शेपटाकडून सुरुवात करायची असते.

तर त्या वेळचं. आणखी एक दिवस तसाच गेला. मग एका दुपारी पेपर देऊन, पाय ओढत लॅबला आले. स्लिपर नव्हत्याच. आत मागची रांग रिकामी. टर्मिनल सुरू केला, तर खिडकीवर माझ्यासाठी निरोप ठेवलेला. आम्ही सगळे पेपरात असताना कुणीतरी येऊन ठेवून गेलेला.

"कळवलं."

"तीन दिवस यार्डाच्या गेटातून परत आलो. आज गेलो. आबांनी पोतं खाली ठेवलं. पाणी प्यायले. मग म्हणाले, जेवलास का?"

"मी म्हटलं, नाही. म्हणाले, मग आदी जेव. डबा तिथंच उघडायला लावला. मी जेवेपर्यंत शेजारी बसून होते."

"म्हणाले, पेढं काय, दिवाळीला वाटू. सकाळी माज्यासंगं यायचं, दुपारनं अब्यास. ऑक्टोबरला बसायचं. आणि पुलावर हुबा ऱ्हायचं न्हाई. त्यांना पुलाचं माहीत होतं गं. कुणीतरी बघून सांगितलं होतं. रोज मी येईपर्यंत त्यांना घास जात नव्हता म्हणे."

आणि शेवटची ओळ :

"उद्यासाठी माझं काही ठेवू नकोस. काम लागलंय."

त्या दिवशी मात्र मी वळले. उठले, ती शिस्तीची रिकामी रांग ओलांडली आणि कोपऱ्यातल्या त्याच्या टर्मिनलपाशी गेले. कीबोर्डची सगळी बटणं पिवळी झाली होती. लॅबचे सर बघतील तर आरडाओरडा करतील, म्हणून मी ओढणीनं ती पुसून काढली. डाग काही पूर्ण गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सवयीनं मी इंजिनाचं कार्ड बाजूला काढून ठेवलं. पराग मागत होता, त्याला दिलं नाही. संध्याकाळ झाली, शिपाई किल्ल्या वाजवत दारात येऊन उभा राहिला, तरी मिलिंद आला नाही. कुणाच्या न येण्याचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता.